दुसरा शनिवार, आठ ते दहा

सोसायटीला दहा वर्षं झाली तेव्हा काढलेल्या छोट्या अंकात मी ‘आपल्या गच्चीवरून’ असा लेख लिहिला होता. ज्यांच्याकडे तो अंक रद्दीतून वाचला असेल त्यांनी तो काढून पाहावा. त्यात मी ठोकून दिलं आहे की हेलियम वायूचा शोध १८६८ साली नॉर्मन लॉकियर या इंग्रज शास्त्रज्ञाने आपल्या विजयदुर्ग किल्ल्यावरून लावला. हे चूक आहे. पंधरा वर्षं ही दुरुस्ती माझ्या डोक्यावर कर्जासारखी बसली आहे. स्मरणिका समितीने ‘काका, गच्चीच्या दुर्बिणीचा इतिहास तुम्हीच लिहा’ म्हटल्यावर मी लगेच हो म्हणालो, त्याचं खरं कारण हे. पण आधी दुर्बिणीचं सांगतो, मग हेलियमकडे येतो.

मी पिंपरीच्या एका कारखान्यात टूलरूममध्ये होतो. आकाशाचा आणि माझा संबंध म्हणाल तर सेकंड शिफ्ट संपवून घरी येताना वर बघायचं, एवढाच. १९९७ च्या मार्च-एप्रिलमध्ये हेल-बॉप धूमकेतू आला. संध्याकाळी वायव्येला, साध्या डोळ्यांनी, शेपटीसकट दिसायचा. तो नीट पाहायचा म्हणून एका सहकाऱ्याबरोबर टिळक स्मारक मंदिरात गेलो आणि तिथे ज्योतिर्विद्या परिसंस्थेचा सभासद झालो. ही संस्था २२ ऑगस्ट १९४४ ला सुरू झालेली, हौशी आकाशनिरीक्षकांची देशातली सर्वांत जुनी संस्था. हौशी हा शब्द तिथे फार मानाने वापरतात. बँकेतले कारकून, कॉलेजातली पोरं, एखादा डॉक्टर, निवृत्त शिक्षिका, सगळे दुर्बिणीमागे एका रांगेत. मला पहिल्याच दिवशी तारकानकाशा हातात देऊन एकांनी सांगितलं, ‘हा डोक्यावर धरून वाचायचा, टेबलावर ठेवून नाही.’ त्याशिवाय पूर्व-पश्चिम उलटी का छापली आहे ते कळत नाही. आपल्याकडच्या मुलांना मी आजही पहिला धडा हाच देतो.

२००० साली आपण इथे राहायला आलो. तेव्हा आसपास काय होतं ते जुन्या लोकांना आठवत असेल. दक्षिणेला मोकळा प्लॉट, त्यात बाभळी आणि कोणाच्या तरी दोन म्हशी. रस्त्यावर दिवा एकच, तोही महिन्यातले पंधरा दिवस बंद. तक्रारअर्जांवर मीही सह्या केल्या होत्या, मनातून मात्र तो लागू नये असं वाटायचं.

गच्चीवर पहिल्यांदा सगळे जमलो ते १८ नोव्हेंबर २००१ च्या रात्री. सिंह राशीतून होणारा उल्कावर्षाव त्या वर्षी आशियातून जोरदार दिसेल असं परिसंस्थेत कळलं होतं. मी जिन्यात एक कागद चिकटवला. दहा-बारा जण येतील वाटलं, सतरंज्या, गोधड्या घेऊन साठेक माणसं आली. सिंह रास उगवते मध्यरात्रीच्या सुमाराला, तोवर पोरांनी भेंड्या खेळून घेतल्या. मग एक-एक करत लांबलचक उल्का पूर्वेकडून निघून डोक्यावरून पार पश्चिमेपर्यंत जायला लागल्या. माझ्या वहीत एक ते तीन या दोन तासांत शंभरी ओलांडली आहे, आणि मोजणारे मध्येच ‘आईगं’ म्हणून मोजायचं विसरत होते हे वेगळं. बी विंगमधल्या आजी (त्या आता नाहीत) पहाटेपर्यंत खुर्चीवर बसून होत्या. त्यांनी दक्षिणेला बोट करून विचारलं, ‘तो अगस्त्य ना रे?’ अगस्त्यच होता. तो उगवला की नदीचं गढूळ पाणी निवळतं, असं त्यांच्या माहेरी म्हणायचे. मला चार वर्षं सभासद असून अगस्त्य शोधायला नकाशा लागायचा, आणि त्यांनी तो चष्म्याशिवाय दाखवला.

त्या रात्रीनंतर पोरं मागे लागली की दुर्बीण पाहिजे. विकत घेण्यासारखी परिस्थिती कोणाचीच नव्हती, कारण सगळे गृहकर्जात. पण परिसंस्थेत आणि आयुकात आरसे घासून दुर्बिणी बनवायला शिकवत. आयुका म्हणजे विद्यापीठाच्या आवारातली, १९८८ साली जयंत नारळीकरांनी उभी केलेली संस्था. एवढ्या मोठ्या संशोधन केंद्रात शाळेतल्या मुलांनाही आत घेतात, हे तेव्हा अनेकांना खरं वाटत नसे. नारळीकर सर २०२५ च्या मे महिन्यात गेले. आपल्या सोसायटीतल्या कितीतरी मुलांनी विज्ञानदिनाला तिथल्या रांगेत उभं राहून त्यांची सही घेतलेली आहे.

तर, आरसा. सहा इंच व्यासाच्या जाड काचेच्या दोन चकत्या आणल्या. खालची घट्ट बसवायची, वरची तिच्यावर घासायची, मध्ये कार्बोरंडमची पूड आणि पाणी. ढकलायची, ओढायची, थोडी फिरवायची, स्वतः एक पाऊल बाजूला सरकायचं, पुन्हा ढकलायची. गंमत अशी की हे नुसतं हातांनी करत राहिलं तरी वरची काच आपोआप मधे खोलगट होते आणि खालची फुगीर. यंत्र लागत नाही. पार्किंगमध्ये दोनशे लिटरचं पिंप वाळूने भरून ठेवलं आणि त्याच्याभोवती नोव्हेंबर २००२ पासून रोज संध्याकाळी प्रदक्षिणा सुरू झाल्या. आमच्या आरशाला चार फूट नाभीय अंतर हवं होतं, त्यासाठी मधली खोली सव्वा मिलिमीटरसुद्धा लागत नाही. मुलांना वाटायचं आरसा म्हणजे वाटीसारखा होईल. महिनाभर घासून पट्टी आडवी ठेवली तर खाली जेमतेम काडेपेटीची काडी सरकणार नाही एवढी फट. दोघांनी त्याच दिवशी राजीनामा दिला.

मला उलटाच धक्का बसला. टूलरूममध्ये आम्ही मायक्रॉनची भाषा बोलायचो आणि त्याचा गर्व बाळगायचो. आरशाचा पृष्ठभाग मायक्रॉनच्या दहाव्या भागापेक्षाही अचूक लागतो. कारखान्यातलं एकही मापक तिथे चालत नाही. पण फूको नावाच्या फ्रेंच माणसाने एकोणिसाव्या शतकात शोधलेली चाचणी दाढीच्या ब्लेडने आणि टाचणीच्या भोकातून येणाऱ्या उजेडाने होते. अंधाऱ्या खोलीत ब्लेड किरणांच्या वाटेत हळूच सरकवायचं, आरशावर सावल्या पडतात, आणि कुठे उंचवटा, कुठे खड्डा ते दिसतं. हाताचा तळवा मिनिटभर काचेवर ठेवला तर तेवढ्या उबेने आलेला फुगवटा त्या सावलीत दिसायचा. पंचवीस वर्षं लोखंड कापलेल्या माणसाला हे पाहून काय वाटलं ते लिहून सांगता येत नाही.

जानेवारीत घोटाळा झाला. जाड पुडीकडून बारीक पुडीकडे जाताना सगळं धुऊनपुसून घ्यावं लागतं. जाड पुडीचा एक कण जरी राहिला तरी ओरखडा पडतो. मी पोरांना बजावून बजावून थकलो होतो. ओरखडा पडला, आरशाच्या मध्यापासून कडेपर्यंत. मी सगळ्यांवर ओरडलो, एका मुलाला रडवलं. दुसऱ्या दिवशी सौ. ने माझ्या स्वेटरची बाही दाखवली. लोकरीत ऐंशी नंबरचे कण चमकत होते. मी पार्किंगमध्ये जाऊन सगळ्यांसमोर ती बाही दाखवली. त्या मुलाने ‘असू दे काका’ म्हटलं, पण पुढे आठवडाभर आला नाही. दोन पायऱ्या मागे जाऊन पुन्हा घासलं. पॉलिशसाठी राळेचं मिश्रण वितळवलं ते घरच्या पातेल्यात. ते पातेलं पुन्हा स्वयंपाकघरात गेलं नाही, आणि तो विषय आमच्या घरात अजून मिटलेला नाही.

आरशावर ॲल्युमिनियमचा थर चढवून आणला, कोपऱ्यावरच्या सुतारमिस्त्रीने प्लायवूडची बैठक करून दिली, नळी पीव्हीसीची. मार्च २००३ मध्ये शनी संध्याकाळी डोक्याजवळ होता आणि त्याची कडी चांगली उघडी होती. पहिल्यांदा तोच लावला. रांगेतल्या एका काकूंनी आत पाहिलं, मग नळीच्या तोंडाशी वाकून पाहिलं. आत चित्र चिकटवलंय का, याची खात्री करून घेतली.

ऑगस्ट २००३ मध्ये मंगळ पृथ्वीच्या इतका जवळ आला की गेल्या सुमारे साठ हजार वर्षांत आला नव्हता, साडेपाच कोटी किलोमीटरच्या थोडा पुढे. आपल्याकडे तेव्हा पावसाळा, त्यामुळे आम्ही खरा पाहिला तो सप्टेंबरात ढग फाटल्यावर. १२० पट मोठा करून पाहिला तर त्याची पांढरी ध्रुवटोपी दिसायची. तेव्हापासून दर ऑगस्टमध्ये ‘आज मंगळ चंद्राएवढा दिसणार’ असा निरोप फिरतो. आधी एसएमएस, मग ईमेल, आता सोसायटीचा ग्रुप. दरवर्षी मी ‘नाही दिसणार’ म्हणून कळवतो आणि दरवर्षी कोणीतरी ‘बघायला काय हरकत आहे’ म्हणतं.

८ जून २००४ चं शुक्राचं अधिक्रमण आपण पार्किंगमध्ये पांढऱ्या पुठ्ठ्यावर सूर्याचं बिंब पाडून पाहिलं. सूर्यावरून तिळाएवढा काळा ठिपका सहा तास सरकत होता. २०१२ च्या जूनमध्ये सकाळी पुन्हा दिसलं, आता पुढचं २११७ साली. २२ जुलै २००९ च्या खग्रास ग्रहणाला मिनीबस करून सुरतेला गेलो. तिथे सकाळी सव्वासहानंतर ढगांच्या वरच काय ते ग्रहण झालं. तीन मिनिटं काळोख पडला, पक्षी गप्प झाले, आम्हीही. परतीच्या प्रवासात कोणी कोणाशी बोललं नाही, वाटेत चहा मिळाल्यावर बोलायला लागलो. आणि २१ डिसेंबर २०२० ला गुरू आणि शनी एकाच भिंगात मावले तेव्हा मास्क लावून, सहा फुटांवर पांढरे चुन्याचे गोल आखून, एकेक जण पुढे. तीन चेअरमन बदलले, पण दुसऱ्या शनिवारी आठ ते दहा हा कार्यक्रम पावसाळा सोडून चालू राहिला.

मध्ये दोन वर्षं गच्चीला कुलूप होतं, तेही नोंदवायला हवं. २००६ साली गच्चीवर फटाक्यांवरून भांडण झालं, त्याचा दुर्बिणीशी काही संबंध नव्हता. पण कमिटीने कुलूप घातलं आणि वर दोन हॅलोजन लावले. मी रागाने सभेला जाणं सोडलं. आता वाटतं, सभा सोडणाऱ्याला गच्ची कशी मिळणार? शेवटी २००८ च्या वार्षिक सभेत, मी नव्हे, ज्या मुलाला मी रडवलं होतं त्याच्या आईने ठराव मांडला की दुसऱ्या शनिवारी आठ ते दहा गच्चीचे दिवे बंद ठेवावेत. एकमताने मंजूर. इतिवृत्तात आहे.

आता विजयदुर्ग. २००६ च्या डिसेंबरात आपली सहल गेली होती. किल्ल्यावर काही ओटे दाखवतात, त्यांना साहेबाचे ओटे म्हणतात. तिथे ऐकलं की याच ओट्यांवर दुर्बीण ठेवून १८६८ च्या ग्रहणात लॉकियरने हेलियम शोधला. ऐकून छाती फुगली. चार वर्षांनी मी ते जसंच्या तसं अंकात लिहिलं. एकदाही तपासलं नाही.

ए विंगमधल्या एका नववीतल्या मुलीने त्या लेखावरून शाळेचा प्रकल्प केला. बाईंनी विचारलं, ‘१८६८ साली लॉकियर भारतात कसा आला, कधी आला?’ तिला सांगता आलं नाही. ती वही घेऊन माझ्याकडे आली. मी म्हटलं, ‘बोटीने आला असणार.’ तिने शांतपणे विचारलं, ‘पण काका, तुम्ही कुठे वाचलंत?’ दुसऱ्या रविवारी तिला घेऊन परिसंस्थेच्या ग्रंथालयात गेलो. जे कळलं ते असं.

१८ ऑगस्ट १८६८ चं खग्रास ग्रहण भारतातून दिसलं, आणि ते पाहायला इंग्रज-फ्रेंच तुकड्या इथे आल्या, हे खरं. त्यांत फ्रान्सचा पिएर जान्सेन आंध्रातल्या गुंटूरला होता. सूर्याच्या कडेवरच्या ज्वाळांच्या वर्णपटात त्याला इतक्या ठळक रेषा दिसल्या की दुसऱ्या दिवशी त्याने ग्रहण नसतानाही त्या पाहून दाखवल्या. लॉकियर त्या वेळी इंग्लंडमध्येच होता. जान्सेनचं त्याला काहीच ठाऊक नव्हतं. त्याने २० ऑक्टोबरला स्वतंत्रपणे तेच साधलं. दोघांची पत्रं पॅरिसच्या अकादमीत एकाच दिवशी पोहोचली, आणि फ्रान्सने दोघांच्या चेहऱ्यांचं एकच पदक पाडलं. त्या वर्णपटात एक पिवळी रेषा होती. ती सोडियमच्या रेषांजवळची, पण सोडियमची नव्हे. पृथ्वीवर माहीत नसलेल्या मूलद्रव्याची ती असावी असं लॉकियरचं मत, आणि सूर्याच्या ग्रीक नावावरून त्याला हेलियम म्हणू लागले. पुष्कळांनी ते मानलं नाही. १८९५ मध्ये विल्यम रॅमझी यांना तो वायू पृथ्वीवरच्या एका खनिजात सापडला तेव्हा वाद संपला.

मग ओटे? लॉकियर विजयदुर्गला आला होता, नक्कीच आला होता. पण २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास ग्रहणाला, म्हणजे तीस वर्षांनी, सर झाल्यावर. मेल्पोमीन या आरमारी नौकेवरची माणसं त्याच्या मदतीला होती. ओट्यांची गोष्ट त्या वर्षाशी जुळते. लोकांनी दोन ग्रहणं एकत्र केली, आणि मी ती छापली.

मला या साऱ्यात सगळ्यांत लागलं ते वेगळंच. त्याच १८९८ च्या ग्रहणाला आपल्या पुण्यातून एक तुकडी सोलापूरकडे जेऊरला गेली होती. तिचे प्रमुख कावसजी दादाभाई नायगमवाला, इथल्या कॉलेज ऑफ सायन्समधले प्राध्यापक, म्हणजे आजच्या सीओईपीमधले. भावनगरच्या तख्तसिंहजी महाराजांच्या देणगीतून त्यांनी तिथे वेधशाळा उभारली होती. डब्लिनच्या ग्रब कंपनीची वीस इंची दुर्बीण, त्या काळी देशातली सर्वांत मोठी. आपल्या सहा इंचीपेक्षा अकरा पट उजेड गोळा करणारी! पुणं तेव्हा प्लेगने हैराण झालेलं, आणि हा माणूस वर्णपटमापक पेट्यांत भरून रेल्वेने जेऊरला चाललेला. १९१२ मध्ये ते निवृत्त झाले, वेधशाळा बंद झाली, दुर्बीण कोडाईकॅनालला गेली. मी त्या कॉलेजवरून इतकी वर्षं बसने जात होतो. साहेबाच्या ओट्यांवर पान भरून लिहिलं आणि नायगमवालांचं नावही मला ठाऊक नव्हतं.

त्या मुलीने प्रकल्प दुरुस्त करून पुन्हा दिला, शीर्षक ‘विजयदुर्गचं खरं ग्रहण’. पुढे ती सीए झाली. आपल्या सोसायटीचा हिशेबही तिने दोन वर्षं तपासला, आणि तिथेही ‘हे कुठे वाचलंत?’ असंच विचारते असं खजिनदार सांगतात.

अगस्त्याचं सांगायचं राहिलं. पुण्याहून तो दक्षिण क्षितिजावर जास्तीत जास्त एकोणीस अंश वर येतो. हात ताठ केला तर एक मूठ म्हणजे दहा अंश, तेव्हा दोन मुठींच्याही आत. २०१८ मध्ये म्हशींच्या प्लॉटवर बारा मजली इमारत उभी राहिली. गच्चीवरून तिचा माथा बावीस अंश भरतो, मी मोजला आहे. त्यामुळे तो तारा ऐन दक्षिणेला, सर्वांत वर असतो तेव्हाच आपल्याला दिसत नाही. जानेवारी-फेब्रुवारीत टाकीच्या पूर्वेच्या कोपऱ्यातून, इमारतीच्या डाव्या कडेला साधारण अर्धा तास सापडतो. इमारतीवर राग धरण्यात अर्थ नाही, आपण आलो तेव्हा आपणही कोणाचं तरी क्षितिज झाकलंच असेल. बी विंगमधल्या आजींनी त्या इमारतीचं काम सुरू झाल्यावर ‘आता पाणी कशाने निवळायचं’ असं विचारलं होतं.

सध्या पुनर्विकासाचं बोलणं चालू आहे. आलेल्या दोन्ही नकाशांत गच्चीवर सौरपॅनेल आणि पार्टीची जागा दाखवली आहे. मी विरोधात नाही, लिफ्ट आम्हालाही हवी आहे, गुडघे विचारून घ्या. फक्त २००८ चा ठराव नव्या नकाशाबरोबर पुढे न्यावा, आणि पूर्वेच्या कोपऱ्यात दहा बाय दहाची जागा मोकळी सोडावी, असा अर्ज मी दिला आहे. यावर पुढच्या सभेत चर्चा आहे. या वेळी मी सभेला येणार आहे.

दुर्बीण टाकीखालच्या खोलीत आहे. आरशाचा थर बावीस वर्षांत विरला आहे, नव्याने चढवावा लागेल. त्यासाठी डब्यात थोडे पैसे जमले आहेत. किल्ली वॉचमनकडे मिळते, वहीत सही करावी. पंचवीस मिलिमीटरचं भिंग पेटीत आहे. दहा मिलिमीटरचं २०१६ पासून सापडत नाही. ज्यांच्या घरी असेल त्यांनी आणून द्यावं, कोणी काही विचारणार नाही.